बेनिग्नाचं बाड

बेनिग्ना,

तुला पत्र लिहायची मला सवय नाही. चाळीस वर्षं आपण एकाच गल्लीत समोरासमोर राहिलो. तुला काही सांगायचं असलं की तू माझ्या खिडकीवर झाडूचा दांडा आपटायचीस आणि मी पुटपुटत खिडकी उघडायचे. आता तू दफनभूमीत भिंतीकडच्या तिसऱ्या रांगेत आहेस आणि तिथून दांडा पोचत नाही. म्हणून कागद.

झालंय असं, की नगरपालिकेने तुझं बाड काचेच्या पेटीत ठेवलंय आणि शेजारी तुझ्याबद्दल चार ओळी छापून लावल्यात. त्यात तुला 'विनम्र आणि सोशिक' म्हटलंय. मी तिथेच उभी राहून मोठ्यांदा हसले, तर पहारेकरी माझ्याकडे बघायला लागला. असल्या चार ओळी लोक खऱ्या धरून चालतात, तेव्हा खरं काय ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं. पण 'तू, तू' करत सांगत बसले तर दर वाक्यामागे तू तोंड घालते आहेस असं मला वाटत राहील. म्हणून तिऱ्हाइताची सांगावी तशी सांगते. पटलं नाही तर कूस बदल.

कास्त्रोमोलिनोसमध्ये जो कोणी मरायचा तो बेनिग्नाच्या अक्षरात मरायचा. फुलवाली कासिल्दा पुष्पचक्रं बांधायची आणि त्यांवरच्या जांभळ्या रिबिनीवर सोनेरी अक्षरं बेनिग्ना काढायची. 'पत्नी आणि मुलं तुला विसरणार नाहीत.' 'पिठाच्या गिरणीतल्या सोबत्यांकडून.' शाळा तिची अकराव्या वर्षी सुटली होती, पण मामा दारूच्या गुत्त्यांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायचा, त्याच्या हाताखाली ती अक्षर शिकली. चपट्या कुंचल्याने, एका दमात, पुन्हा न गिरवता. मामाचा एकच नियम होता: आधी माप, मग अक्षर. रिबिनीला शेवटी रिकामी जागा राहिली तर लोक म्हणतात घरच्यांचं दुःख आखूड पडलं. त्यामुळे बेनिग्नाच्या रिबिनी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेल्या असत. मेलेल्याचं नाव लहान असेल तर ती त्याचं आडनाव, आईचं आडनाव, गरज पडली तर धंदाही घालायची.

नवरा एलादिओ गिरणीत कामाला होता, तो लवकर गेला. मुलगी बिल्बाओला. घरात ती आणि रोज येऊन भांडून जाणारी नणंद, प्रिस्का. आणि गुरुवारी संध्याकाळी चर्चमधलं गाणं.

गाणं नवव्या वर्षापासून. आधी ती वरच्या आवाजात गायची. मग साठीच्या दशकात गावातले धडधाकट पुरुष एकेक करून बिल्बाओच्या कारखान्यांत गेले, आणि पाद्र्याच्या लक्षात आलं की टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज, गाणारं गावात कुणीच उरलेलं नाही. बेनिग्नाचा गळा मुळातच रुंद. त्याने तिला पुरुषांच्या ओळीत उभं केलं. तिथे ती तीस वर्षं उभी राहिली आणि पुढे जे दोनचार टेनर परत आले त्यांना सूर चुकला की कोपराने ढोसत राहिली.

लेआंद्रो आला तेव्हा ती त्र्याहत्तर वर्षांची होती.

लेआंद्रो वायादोलिदचा, संगीताच्या शाळेत शिकलेला, तिशीचा. गावाच्या गायकवृंदाला नुकताच नेमलेला. दर गुरुवारी जुनाट गाडीतून यायचा. त्याला प्रांताच्या दप्तरखान्यात एक कागद सापडला. सोळाव्या शतकात एक परदेशी राजकन्या लग्न होऊन राणी व्हायला निघाली होती, ती वाटेत एक रात्र आमच्या गावी उतरली. तिच्या स्वागताला चर्चच्या दारात काय वाजलं, आत काय गायलं, कोण कुठे उभं होतं, हे सगळं चर्चच्या कारभाऱ्यांनी टिपून ठेवलेलं. स्वागताचं चार आवाजांतलं गाणं तर स्वरांसकट त्याच दप्तरखान्यातल्या एका जुन्या ग्रंथात होतं. राणीने कोकरू खाल्लं, झोपली, सकाळी गेली आणि पुन्हा कधी आली नाही. आमच्या गावाला एवढं चारशे वर्षं पुरतं. लेआंद्रोने ठरवलं की जूनमध्ये ते अख्खं स्वागत जसंच्या तसं मैफिलीत उभं करायचं: दारात सनईच्या जातीची जुनी वाद्यं, जुन्या घडणीचे ट्रॉम्बोन, ते वाजवणारे वायादोलिदहून येणार, आणि गाणार आमचे लोक.

पण सगळे लोक नाहीत. सोळाच. त्याने एकेकाला आतल्या खोलीत बोलावून ऐकलं. बेनिग्ना गायली. तिसऱ्या ओळीला आवाज फाटला, ती थांबली, खाकरली, पुन्हा गायली, पुन्हा तिथेच फाटला. तो बिचारा गुळमुळीत बोलायला लागला. या खेपेला तुम्ही विश्रांती घ्या म्हणाला.

"विश्रांती मी कासिल्दाच्या फुलांखाली घेईन," बेनिग्ना म्हणाली. "नको आहे तर नको म्हण."

"नको आहे, सेन्योरा बेनिग्ना. आवाज राहिला नाही तुमचा."

"हां. असं बोलावं."

ती घरी गेली. प्रिस्का सोळांत होती, वरच्या आवाजात. ती सांत्वनाला म्हणून आली आणि तासभर स्वतःच्याच निवडीचं कौतुक सांगून गेली. पुढच्या गुरुवारी मात्र ती तालमीला हजर. शेवटच्या बाकावर, कोट न काढता, हाताची घडी घालून. जा असं सांगायची कुणाची छाती झाली नाही.

त्या दिवशी लेआंद्रोने पडद्यावर जुनी चित्रं दाखवली. त्या काळी ज्याच्या त्याच्या हातात वेगळा कागद नसे. एक प्रचंड ग्रंथ, माणसाच्या छातीएवढ्या पानांचा, उंच लाकडी घोडीवर उघडा ठेवलेला, आणि भोवती सगळे गाणारे दाटीवाटीने उभे, एकाच पानात डोळे घालून. सोळा जण, एक पान.

मागून बेनिग्ना म्हणाली, "मग तुम्ही हे कपटे घेऊन का गाताय?"

लेआंद्रो समजावू लागला. खरा ग्रंथ बाहेर काढू देत नाहीत. फोटो मिळतात, पण बोटभर. आणि इतकं मोठं, हाताने, जुन्या पद्धतीचं लिहिणार कोण?

सातुरिओ खदखदला. तो निवृत्त खाटीक, आमचा सगळ्यांत खोल आवाज. "लिहिणारं कोण म्हणून काय विचारतोस? दफनभूमीच्या भिंतीपलीकडच्या मंडळींना विचार जाऊन. सगळ्यांची रिबीन हिनेच रंगवलीय."

तिथेच सौदा ठरला, आणि तो बेनिग्नाने ठरवला. ती ते गाणं मोठ्या कागदावर लिहून बाड करील. मैफिलीच्या दहा दिवस आधी सगळे त्यावरून गाऊन बघतील. चाललं, तर मैफल बाडावरून होईल आणि पानं उलटायला बाडाशेजारी बेनिग्ना उभी राहील. नाही चाललं, तर कपटे, आणि बेनिग्ना लोकांत बाकावर. लेआंद्रोला वाटलं म्हातारीचा चार दिवसांचा हुरूप आहे. त्याने मान डोलावली. चौसष्ट वर्षं ती त्या चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या बाजूला उभी होती. बाकावर बसायचा तिचा अजिबात इरादा नव्हता.

लेआंद्रोने फोटो आणून दिले आणि पान कसं मांडायचं ते सांगितलं. ग्रंथ उघडला की समोरासमोर दोन पानं, त्याला आपण जोडपान म्हणू. डाव्या पानावर वर सोप्रानो, म्हणजे बायकांचा उंच आवाज, खाली टेनर. उजव्यावर वर आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, खाली बास, पुरुषांचा सगळ्यांत खोल. चौघे आपापल्या कोपऱ्यात वाचतात, पान संपलं की पुढचं जोडपान. असं सात जोडपानांचं गाणं.

बेनिग्नाच्या घरात एवढा कागद मावेल असं टेबल नव्हतं. तिने झोपायच्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून उतरवलं, दोन खुर्च्यांवर आडवं टाकलं आणि पुढचे पाच महिने बिनदाराच्या खोलीत झोपली. पेनने लिहून बघितलं तर हात थरथरायचा. कुंचल्याने थरथरत नव्हता, का ते देव जाणे. जुन्या लिपीतला स्वर म्हणजे पोकळ शंकरपाळं आणि त्याला दांडी. लेआंद्रो म्हणाला, पूर्वी हे बोरूने लिहीत. बेनिग्ना म्हणाली, पूर्वी लिहिणाऱ्याला सांधेदुखी नसेल. कुंचल्याचे दोन फटकारे, एक उतरता एक चढता, की शंकरपाळं तयार. पाच-पाच रेघांच्या ओळी प्रिस्काने पट्टीने मारायच्या असं ठरलं.

"वहिनी, गाणार मी आणि रेघाही मीच मारायच्या?"

"देवाने गळा दिला म्हणून हात काढून नाही घेतले तुझे. मार."

मला तिने लॅटिन शब्द तपासायला बोलावलं, कारण मी शाळेत तीस वर्षं लॅटिन शिकवलं आणि ती मला मास्तरीण म्हणायची. पहिलं जोडपान छान झालं होतं. दुसऱ्याच्या फोटोकडे ती नाराज होऊन बघत होती. मूळ पानावर उजवीकडे खाली, बासच्या कोपऱ्यात, दोन ओळी कोऱ्या. रेघा मारलेल्या, वर एकही स्वर नाही. डावीकडे टेनरच्या खाली आणखी दीड ओळ कोरी. ती म्हणाली, चर्चच्या लोकांना लिहायला मेंढरांची कातडी फुकट मिळायची, म्हणून ही उधळपट्टी. इतका मोठा कागद आणि तो कोरा सोडायचा? तिने पुढच्या पानावरचे बासचे स्वर अलीकडे ओढून त्या दोन ओळी भरल्या. टेनरचेही भरले. मग पुढच्या पानांवर तेच. सातचं सहातच उरकलं. पान या टोकापासून त्या टोकापर्यंत काळंभोर.

मी बघितलं आणि म्हणाले, छान भरगच्च दिसतंय. मी शब्द तपासले होते, ते बरोबर होते. बाकीचं मला कळत नव्हतं, आणि ते मी कबूल केलं नाही.

मैफिलीच्या दहा दिवस आधी बाड चर्चमध्ये गेलं. सातुरिओ आणि दोघांनी मिळून जुनी लाकडी घोडी कोपऱ्यातून ओढून आणली, तिच्यावर बाड चढवलं. सोळा जण भोवती जमले, बुटके पुढे, उंच मागे. बेनिग्ना बाजूला पायरीवर. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी गेले. पहिलं जोडपान असं काही बाहेर पडलं की लेआंद्रोचा हात क्षणभर हवेतच राहिला. कपट्यांवरून गाताना हे लोक सोळा जण असायचे. आता एकमेकांच्या मानेशी श्वास घेत एका पानावर वाकलेला तो एकच कुणीतरी प्राणी होता.

दुसऱ्या जोडपानाच्या तळाशी वरचे दोन आवाज पोचले. त्यांनी बेनिग्नाकडे बघितलं: उलट. तिने पान धरलं. बासवाले अजून पानावरच, पुढे दोन ओळी बाकी. तिने उलटलं, तर सातुरिओ ओरडला, अगं माझं राहिलंय. तिने परत मागे घेतलं, तर प्रिस्का ओरडली, वहिनी आमचं संपलंय. इकडून सोप्रानो ओढताहेत, तिकडून बास. पान फाटलं नाही ही त्या कागदाची पुण्याई. गाणं केव्हाच बंद पडलं होतं. कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले.

लेआंद्रो हसला नाही. त्याने फोटो मागवला, बाडाशी लावून बघितला, आणि मग हळू आवाजात तिला समजावलं. खालचे आवाज तिथे लांब लांब स्वर धरून बसतात. लांब स्वर लिहायला जागा थोडी लागते, गायला वेळ तेवढाच. म्हणून जुना लेखक खालच्या आवाजांना तिथेच थांबवतो आणि उरलेल्या ओळी मुद्दाम कोऱ्या सोडतो, म्हणजे चौघेही एकाच क्षणी पानाच्या तळाशी पोचतात आणि पान एकदाच उलटतं. तुम्ही त्या भरल्यात. दुसऱ्या पानापासून सगळंच सरकलंय.

रिबीन भरायची सवय असलेली बाई ती. पन्नास वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं की कोरी जागाही कामाची असते.

लेआंद्रो म्हणाला, वाईट वाटतं, पण कपटे.

"थांब," बेनिग्ना म्हणाली. "तू म्हणालास दहा दिवस आधी गाऊन बघू. बघितलं, नाही चाललं, चूक माझी. पण मैफल उद्या नाहीये. सहा जोडपानं नव्याने लिहायची आहेत. रोज संध्याकाळी एक दुरुस्त जोडपान इथे आणून ठेवीन. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी कपटे वाट."

"आणि ज्या दिवशी पुन्हा चुकेल त्या दिवशी?"

"त्या दिवशीही वाट."

चांगला कागद संपला होता. पालेन्सियाचा दुकानदार म्हणाला, दोन आठवडे लागतील. सातुरिओने आपली गाडी काढली आणि तिला गावाबाहेरच्या चीझच्या कारखान्यात नेलं. तिथे खोक्यांत चीझच्या थरांमध्ये घालायला जाड पांढरा कागद येतो, हवा तेवढा मोठा. त्याला मेंढीच्या चीझचा वास होता. तो आजही आहे. काचेच्या पेटीत नाक लावता येत नाही म्हणून लोकांना कळत नाही. सातुरिओ म्हणाला, बरंच झालं, राणी भुकेली राहिली असं कुणी म्हणायला नको.

या खेपेला बेनिग्नाने कुंचला आधी उचललाच नाही. पहाटे उठून तिने काबुली चण्यांचा डबा काढला. दारावर चार रांगा, चार आवाजांच्या. लेआंद्रो हाताने जो ठोका देतो त्या प्रत्येक ठोक्याला एक चणा. फाटक्या आवाजात एकेक रांग स्वतः गायची, गाता गाता चणे मांडत जायची. चारही रांगा एका लांबीच्या झाल्या की मगच पान कुठे संपतं ते ठरलं. एखादी रांग दोन चण्यांनी लांब निघाली की सगळे चणे गोळा, पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर कागद, प्रिस्काच्या रेघा, मग कुंचला. आणि जिथे मूळ लेखकाने ओळ कोरी सोडली होती तिथे तिनेही सोडली. पहिल्यांदा सोडताना तिने कुंचला खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली, असं प्रिस्का सांगते.

प्रिस्काने त्या दिवसांत भांडण बंद केलं, हेही लिहायला हवं. ती दुपारी लसणाचं सूप घेऊन यायची. बेनिग्ना कागदाजवळ खात नसे, म्हणून दोघी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या प्यायच्या. तिसऱ्या दिवशी बेनिग्नाचा खांदा धरला. प्रिस्काने डॉक्टरांचं नाव काढलं. बेनिग्ना म्हणाली, डॉक्टर मैफिलीनंतरही तिथेच असणार आहेत. प्रिस्काने खांद्याला स्पिरिट चोळून दिलं आणि पुढच्या पानाच्या रेघा मारायला घेतल्या.

रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला ती गुंडाळलेलं जोडपान काखेत घेऊन चर्चमध्ये यायची. मैफल तोंडावर आल्याने लेआंद्रोही आता रोज यायचा आणि ते फोटोशी ताडून बघायचा. चौथ्या दिवशी त्याने ताडणं सोडलं. सहाव्या दिवशी बाड पुरं झालं, आणि सगळं गाणं एकदाही न थांबता पार पडलं. बेनिग्नाने लेआंद्रोला फक्त एवढंच विचारलं की तिने मैफिलीला कुठल्या रंगाचा पोशाख घालायचा.

जूनमधला रविवार, दुपार कलल्यावर. चर्चच्या दारात गालिचा घातलेला. वायादोलिदच्या वादकांनी ती जुनी सनईसारखी वाद्यं फुंकली तेव्हा चौकातली कबुतरं एकदम उडाली आणि चौकात पत्ते खेळणारे म्हातारे उठून उभे राहिले. राणीच्या जागी कुणी चालायचं नाही असं ठरलं होतं, पण महापौरांना राहवलं नाही, ते गालिच्यावरून एकटेच आत आले. लोक आत शिरले. बाकं भरली, मग भिंतीच्या कडा भरल्या.

स्वागताचं गाणं सुरू झालं. बेनिग्ना काळ्या पोशाखात, पायरीवर, बाडाच्या उजव्या कडेला. पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. त्या दुसऱ्या पानाला मी श्वास रोखला होता. तिसरं उलटलं.

चौथ्यावर वरचे आवाज धावले. लोकांनी भरलेलं चर्च बघितलं की सोप्रानो धावतात, हे सगळ्या गावांत होतं. प्रिस्का सगळ्यांच्या पुढे. वाईट हे, की लेआंद्रोचा हातही त्यांच्यामागे ओढला गेला. सोप्रानो तळाशी पोचल्या, शेवटच्या स्वरावर उभ्या राहिल्या आणि बेनिग्नाकडे बघायला लागल्या. लेआंद्रोनेही मान हलवली: उलट.

बेनिग्नाने तळहात पानावर सपाट ठेवला.

बासचे चार ठोके बाकी होते. सातुरिओ आणि त्याचे तिघे आपल्या चालीने येत होते, त्यांना घाई माहीत नव्हती. तिने दुसऱ्या हाताच्या बोटाने घोडीच्या लाकडावर ठोका धरला. प्रिस्काने डोळे वटारले. बेनिग्नाने तिच्याकडे बघितलंच नाही. सोप्रानोंना दुसरा उपाय उरला नाही. पुढचे स्वर पुढच्या पानावर होते आणि पान एका म्हातारीच्या पंजाखाली होतं. तो एक स्वर त्यांनी धरून ठेवला, लांब, आणखी लांब, प्रिस्का लालबुंद होईतो, आणि त्याच्याखालून बास एकेक पायरी उतरत आले. चौथ्या ठोक्याला सातुरिओ तळाशी टेकला. चारही आवाज एकत्र उभे राहिले. मग तिने हात उचलला आणि पान उलटलं.

तिथून शेवटपर्यंत लेआंद्रोने ठोका तिच्या बोटावरून घेतला. त्याने ते मान्यही केलं, आणि तेही सगळ्यांसमोर. वायादोलिदची एक बाई त्याला विचारायला आली की तो धरून ठेवलेला स्वर कुठल्या जुन्या ग्रंथात सापडला. तो म्हणाला, ग्रंथात नाही, तो पान उलटणाऱ्या बाईंनी लावला. आतल्या खोलीत रोस्क्या, म्हणजे कड्यासारखी गोल गोड बिस्किटं, आणि बडीशेपेची दारू वाटत होते. बेनिग्नाने दोन रोस्क्या खाल्ल्या आणि प्रिस्काला म्हणाली की पुढच्या वेळी धावायचं असेल तर चपला बदलून ये. प्रिस्का म्हणाली, वहिनी, जीव गेला असता माझा. रिबीन मी फुकट लिहिली असती, बेनिग्ना म्हणाली.

आता परत तुझ्याशीच बोलते, कारण पुढचं आपल्या दोघींतलं आहे.

मैफिलीनंतरच्या आठवड्यात तू दांडा आपटलास. लेआंद्रोने तुला सांगितलं होतं की त्या काळी कातड्यावर लिहिताना चूक झाली तर सुरीने खरवडून काढत, आणि ते फोटोत दिसत नाही. पान उजेडाकडे धरलं तरच कळतं. तू म्हणालीस, "मास्तरीण, तुझ्याकडे पदवी आहे, तुला आत सोडतील. मला घेऊन चल. त्याने कुठे कुठे खरवडलंय ते मला बघायचंय."

मी हो म्हणाले. दप्तरखान्याचा अर्ज आणला. तू त्यावर तुझं नाव आणि ओळखपत्राचा आकडा घातलास, तुझ्या त्या अक्षरात. माझी बाजू मी भरणार होते. जुलै-ऑगस्टात तो बंद असतो. सप्टेंबरात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. नोव्हेंबरात धुकं होतं आणि मला धुक्यात गाडी चालवायचा कंटाळा. डिसेंबरात तू पुन्हा विचारलंस, तर मी जरा तोडूनच म्हणाले की जानेवारीतला तीन राजांचा सण होऊ दे, ग्रंथ काही पळून जात नाही. तू म्हणालीस, बरं. इतकं सरळ 'बरं' तू मला कधीच म्हणाली नव्हतीस, आणि तेव्हा ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. जानेवारीच्या अठरा तारखेला तुला दवाखान्यात नेलं.

अर्ज माझ्या कपाटावर आहे. माझी बाजू अजून कोरीच आहे. दप्तरखाना मंगळवारी उघडतो, नऊ ते दोन.